अर्ध्या तासाची खोली
भिजवलेल्या काळ्या तिळांचा वास आला की मला दादाची ती काचेची खोली आठवते आणि डोकं फिरतं. अप्पांचं वर्षश्राद्ध होतं. दादा बालीत, समुद्राकाठच्या एका को-वर्किंगमध्ये लॅपटॉप घेऊन बसायचा. माझं काम कुठूनही होतं म्हणायचा. फक्त तंजावरहून होत नव्हतं. म्हणून तो संकल्प व्हिडिओ कॉलवरून म्हणणार होता आणि फोन मी धरला होता. बोलण्यासाठी त्याने तिथली काचेची खोली अर्ध्या तासापुरती घेतली होती. मागे नारळाची झाडं, जशी काही आमच्या परसात नव्हतीच. आमचे भटजी, वाध्यारमामा, मंत्र सांगत होते, चुलतभाऊ त्याच्या वतीने पाणी सोडत होता आणि दादाची नजर लॅपटॉपवर. पिंड केळीच्या पानावर, विहिरीच्या कठड्यापाशी ठेवला. कावळा काही येईना. सकाळपासून उपाशी असलेली आई उन्हात हात जोडून उभी. तेवढ्यात तिकडे कुणीतरी काचेवर टकटक केलं. "माझी वेळ संपली, बाहेर लोक थांबलेत," दादा म्हणाला. "जरा थांब रे कन्ना, तुझ्या अप्पांना कुठेही जायला उशीरच व्हायचा," आई म्हणाली. "आई, आला म्हणून समज ना," असं म्हणून त्याने फोन ठेवला. आई तिथून हलली नाही. काल त्याचा मेसेज आला: लग्न इथेच, समुद्राकाठी करतोय, तू आणि आई याल ना? आईला मी विचारलंसुद्धा नाही. लिहिलं, "आलो म्हणून समज."