चार नवे छर्रे

बाबा, उदगीरच्या स्टँडवर सायकल घेऊन तुम्ही स्वतः एसटीच्या टपावर चढलात. सायकल तुमचीच, मला दिलेली. आदल्याच आठवड्यात तुम्ही खासगी क्लासवाल्यांच्या विरोधात पत्रक काढलं होतं. कंडक्टर खालून म्हणाला, "काका, पोरीला लातूरला क्लासला धाडायलाव का? मंग पत्रक कोणासाठी काढलं?" तुम्ही दोरी आवळत राहिलात. उतरल्यावर मला एवढंच म्हणालात, "चालतंय ते फेकायचं न्हाई. बिघडलं तर आपल्या हातानं करायचं." क्लासबद्दल तेव्हाही बोलला नाहीत, नंतरच्या पत्रांतही नाही.

मी राहते ती पत्र्याची शेड. भूकंपानंतर घरमालकांनी अंगणात स्वतःला झोपायला उभारलेली. भीती ओसरली, ते स्लॅबखाली परतले, शेड क्लासच्या मुलींना भाड्यानं दिली. दिवाळीला बाकीच्या गावी गेल्या. तुमचं गप्प बसणं समोर बसून सोसवलं नसतं, म्हणून मी राहिले.

पुढचं चाक खरखरत होतं. आक्सल काढताच बेअरिंगचे छर्रे खाटेखाली घरंगळले. रांगत वेचले, रॉकेलनं धुतले. चार झिजलेले निघाले. चारच नवे आणले, बाकी जुनेच बसवले. चालतंय ते कशाला फेकायचं? मग छर्रे दाबून धरणारा आक्सलवरचा कोन आवळायला दोन्ही हातांत नटाचे पाने, आणि चाक धरायला कुणी नाही. घरी तुम्ही आवळताना ते मी धरायचे. गुडघ्यांत दाबलं तर निसटायचं. सैल ठेवलं की डुलायचं, आवळलं की फिरायचंच नाही. सहा वेळा खोललं. घरमालकीणबाई दारातून म्हणाल्या, "काय माय, अभ्यास करायलीस का कारखाना काढलीस?"

आठ दिवसांत चाक अडलं. कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात रशीदचाचांनी ते खोललं आणि माझ्याकडे बघितलं. "नव्यात जुने मिसळलीस? नवा छर्रा केसभर मोठा ऱ्हातो. सगळं वजन त्या चारांवर आलं, छर्रे बसतात ती वाटीच खाल्ली त्यांनी. बदलायचे तर सगळेच. कुनी शिकवलं तुला हे?"

"कुणी न्हाई," मी म्हणाले.

तुम्हाला कुणी हसू नये म्हणून खोटं बोलले. पण बाबा, छर्ऱ्यांच्या बाबतीत तुम्ही चुकला होतात. तुमचं पत्रक चुकलेलं नाही. शिक्षण विकू नये हे मला आजही पटतं, आणि तरी मी ते विकत घेतेय. याची लाज वाटते, रागही येतो, आणि दोन्ही सांगायला माणूस नाही. इथे सगळे माझ्याशी बरं बोलतात. भांडण्याएवढं मला कुणी ओळखतच नाही.

शनिवारी येतेय. तुमचं काय चुकलं ते तोंडावर सांगणार आहे. तुम्हीही माझं सांगा, आवाज चढला तरी चालेल. तेवढं झालं की मला घरी आल्यासारखं वाटेल.