घंटी वाजली की थांबायचं

नागपूरला मी सायकल शिकलो तेव्हा आधी घंटी शिकलो, मग ब्रेक. तिथे घंटीचा एकच अर्थ होता: मी येतोय, तुम्ही सरका. लोक सरकायचे, सरकताना दोन शिव्या हासडायचे आणि विषय संपायचा. केशोरीकडच्या एका गावात मास्तर म्हणून नेमणूक झाली तेव्हा मी ही सायकल आणि ही अक्कल दोन्ही बरोबर नेली. गावात सायकल पहिलीच. पोरांनी तिला हात लावून पाहिला, मोठ्यांनी नुसतं पाहिलं, आणि मी उगाच मिशीला पीळ देत हिंडलो.

मिजास आठवडाभरही टिकली नाही. गाव आणि अर्जुनीचं स्टेशन यांच्या मध्ये दोन-अडीच कोसांचं जंगल. वाट बैलगाडीच्या चाकोऱ्यांची, दोन्ही अंगांना झुडपं. पुढे कुणी चालताना दिसलं की मी घंटी वाजवायचो आणि तो माणूस थांबायचा. सरकायचा नाही, थांबायचा. तेही वाटेच्या मधोमध. मला वाटलं, हे लोक मुद्दाम करतात. एकावर तर मी चांगलाच खेकसलो. तो शांतपणे म्हणाला, "तुमीच त घंटी वाजवली ना जी? म्हून थांबलो."

मग हळूहळू उलगडा झाला. जंगलात वाघ होता आणि एकट्याने चालायचं नाही ही तिथली रीत होती. मागून कुणी हाक दिली, खाकरलं, काठी आपटली, की पुढच्याने थांबायचं आणि दोघांनी मिळून जायचं. याला सोबत म्हणत. एकट्या माणसाला मागे टाकून निघून जाणं हे फार हलकं काम समजलं जाई. माझी घंटी त्यांच्या कानाला हाकच वाटत होती. घंटी वाजवायचीच नाही असं मी कितीदा ठरवलं, पण सवय अंगठ्याला लागलेली होती, आणि अंगठा काही माझं ऐकत नव्हता.

त्याच सुमारास बायको रुसून माहेरी गेली होती. त्याआधी चार महिने ती माझ्याबरोबर त्या गावात राहिली होती. बाया पहाटेच धानाच्या बांध्यांवर कामाला जात, संध्याकाळी परतल्या की मास्तरीणबाई म्हणून लांबूनच नमस्कार करत. "मी दिवसभर भिंतीशी बोलते," ती म्हणायची, आणि मी वह्या तपासत "हं" म्हणायचो. दिवाळीला नागपूरला गेली ती फाल्गुन लागला तरी परतेना. शेवटी पत्र आलं. गुरुवारी सकाळच्या गाडीने येते. भाऊ गोंदियाला छोट्या रुळांवरच्या गाडीत बसवून देईल. अर्जुनीला तुम्ही दिसला नाहीत तर तासाभराने उलटी गाडी असते, तिने परत जाईन, आणि मग मला न्यायला येऊ नका.

ती बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती. म्हणून गुरुवारी मी चांगला वेळ हाताशी ठेवून निघालो. फक्त गुरुवार म्हणजे अर्जुनीचा बाजार, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

जंगलाच्या तोंडाशीच मासे विकणारी एक म्हातारी चालली होती. अंगठ्याने घात केला. म्हातारी थांबली, डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि ऐसपैस उभी राहिली.

"आजी, बाजूला व्हा ना!"

"बाजूले कायले? संगच जाऊ. वाघीण पिलं घेऊन फिरून रायली मास्तरजी."

मी उतरलो. वर तिची टोपली सायकलच्या कॅरिअरवर बांधली. पुढे एक म्हातारा बोकड ओढत चालला होता. मी अंगठा आवरला, पण म्हातारीने हात लांबवून स्वतःच घंटी वाजवली. तो थांबला. म्हातारीला मोठी गंमत वाटली. मग टोपल्या घेतलेल्या दोघी दिसल्या, तिने पुन्हा वाजवली. मी रडकुंडीला आलो.

"अहो, माझी बायको गाडीत बसून निघून जाईल!"

"काऊन?" म्हातारीने विचारलं.

आणि मी, त्या वाटेवर, बोकडासकट सगळ्यांसमोर, घरातलं सगळं सांगून मोकळा झालो. म्हातारीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त मग असा बैलावानी काऊन चालून रायला? चाल ना झपाझप!" त्यानंतर त्या चौघांनी जी चाल धरली तिच्यामागे सायकल ढकलताना मला धाप लागली.

स्टेशनात शिरलो तेव्हा ती ट्रंकेवर बसली होती. हातात परतीचं तिकीट, आणि लांबून उलट्या गाडीची शिट्टी. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागची ती वरात पाहिली.

"हे कोण?"

खरं सांगायचं तर, वाटेत आडवे आले म्हणून उशीर झाला, हे मी म्हणणारच होतो. म्हातारी माझ्याही पुढे झाली. "आमी सप्पा जन तुलेच घ्याले आलो, बाई. गाव सुनं सुनं वाटे तुयाबिगर."

गाडी आली, उभी राहिली, गेली. बायको ट्रंकेवरून उठली ती थेट म्हातारीपाशी, टोपलीत डोकावून मासे कसले आहेत ते विचारायला. माझ्या जिवात जीव आला. लबाडी म्हणा, पण म्हातारीचं बोलणं मी तसंच राहू दिलं.

बऱ्याच वर्षांनी एकदा ती तांदूळ निवडत असताना मला राहवलं नाही. म्हटलं, ती माणसं बाजाराला निघाली होती, तुला घ्यायला नाही.

"माहीत आहे," हात न थांबवता ती म्हणाली. "बोकड घेऊन कुणी सुनेला घ्यायला येतं का? पण चार महिने त्या गावात माझ्याशी कुणी खरंसुद्धा बोललं नव्हतं, आणि त्या म्हातारीने ओळखदेख नसताना माझ्यासाठी खोटं बोलून टाकलं. मी तिच्यासाठी राहिले. तुम्हाला काय वाटलं, तुमच्यासाठी?"