शिळं पाणी

ती घटना आठवली की आजही माझा हात घरातल्या हंड्याकडे जातो. श्रीवर्धन तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी संपत होती. पंचायतीत पाणीपुरवठा बघणारी बाई मोबाईल हातात धरून आत आली. तिच्या गावात प्रत्येक नळाला सेन्सरचं मीटर बसवलं होतं. कोणत्या घरात किती वाजता किती पाणी गेलं, ते तिच्या मोबाईलवर दिसायचं.

"साहेब, सुपारीच्या वाडीतली म्हातारी मुंबईला लेकीकडे गेली म्हणतात. घराला कुलूप हाय. मग रोज सकाळी सहाला पाणी कोण भरतंय?"

"नळ गळत असेल," हवालदार म्हणाले.

"गळका नळ घड्याळ बघून गळतो व्हय?"

हवालदार हसले. मी स्टेशन डायरीत नोंद करायला लावली आणि लेकीला फोन केला. आई तिच्याकडे गेलेलीच नव्हती. गावातल्या चुलतभावाने तिला सांगितलं होतं, काकी मजेत आहे, फोन तेवढा बिघडलाय.

त्या चुलतभावाला, म्हणजे म्हातारीच्या पुतण्याला, बोलावून घेतलं. शांत माणूस. बसण्याआधी रुमालाने खुर्ची पुसली.

"काकी मुंबईला जाते म्हणून निघाली. पुढचं मला माहीत न्हाय."

"मग घरात पाणी कोण भरतं?"

"मीच. देवाला दिवा लावायला जातो, तेव्हा हंडा भरून ठेवतो."

लेकीशी तो खोटं बोलला होता, पण पाण्यापुरतं हे पटण्यासारखं होतं. तेवढ्यात पंचायतीच्या बाईने मोबाईल माझ्यापुढे सरकवला. रोज सहाला तेच. आधी थोडंसं पाणी, मग थोडा वेळ काही नाही, मग हंडाभर. मी बघतच राहिलो. माझी आई अगदी हेच करायची. कालचं शिळं पाणी ओतायचं, हंडा विसळायचा, मग नवं भरायचं. आमच्या घरात कॉलेज शिकलेला पहिला मी. आणि शिकून आल्यावर तिलाच ऐकवायचो, पाणी काय शिळं होतं?

मी पुतण्याला विचारलं, "कालचं पाणी उरलं तर काय करता?"

"काय करायचं? त्यातच वर भरतो."

"मग रोज अख्खा हंडा कसा लागतो? दिवा पाणी पितो का?"

त्याने रुमालाची घडी घातली. मग म्हणाला, "साहेब, ही आमच्या घरातली बाब हाय."

चावी घेतली. दोन पंच आणि महिला हवालदार घेऊन निघालो.

वाडी रिसॉर्टला द्यायच्या कागदावर काकी अंगठा देत नव्हती, म्हणून त्याने तिला कोंडलं होतं. फोन काढून घेतला, वीज तोडली, खिडक्यांना फळ्या मारल्या. भोवती नुसती वाडी, हाक ऐकायला कोणी नाही. जेवण तो स्वतः नेऊन द्यायचा आणि कागद पुढे करायचा. नळ तेवढा चालू ठेवला. मीटर बॅटरीवर चालतं, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

कुलूप उघडलं तेव्हा म्हातारी भिंतीला धरून उभी होती. "अंगठा न्हाय दिला मी," एवढंच म्हणाली.

नळावरच्या मुठीएवढ्या त्या मीटरचं मला नवल वाटलंच. पण अंधाऱ्या घरात, बघणारं कोणी नसताना, ही बाई रोज हंडा विसळत होती, यापुढे मी हात जोडले. माणूस शोधायचा तर तो रोज काय करतो ते आधी विचारावं, हे मी तिथे शिकलो. आईला बोललेलं मात्र परत घेता आलं नाही; ती तेव्हा राहिली नव्हती.

पंचनामा लिहायला बसलो, तर म्हातारीने तांब्या पुढे केला.

"आधी पाणी घ्या. आजचंच हाय."