अंगठ्यातले खडे

चितेगावच्या कारखान्यात मी रबरी सील तपासायचं काम करायचे. सील बोटांत धरायचं, फिरवायचं, खोक्यात टाकायचं. कातडी आवळत जाण्याचा माझा आजार जुना. बोटं पुरती मिटायची नाहीत, तरी काम जमायचं. मग उजव्या अंगठ्याच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढी कडक गाठ आली. एक दिवस ती फुटली आणि सीलवर पांढरं लागलं, ओल्या खडूसारखं. मी ते ॲप्रनला पुसलं अन् पुढचं सील उचललं.

आई गावाहून आली होती. म्हणाली, "सुईनं काढू की. काट्यावाणी तर हाय." तिनंच कोरलं. तिसऱ्या दिवशी अंगठा सुजून तापला. आई माझ्याकडं बघेना.

क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दाखवला. हाडाबाहेर, कातडीत, पांढरे ठिपके. "हे कॅल्शियम साठलंय. तुमच्या आजारात होतं असं."

"मग दूध बंद करू का हिचं?" आईनं विचारलं.

"नाही आजी, खाण्यापिण्यानं झालेलं नाही हे."

आधी पू थांबवायचा. मग रक्तदाबाची एक गोळी, तिनं कधीकधी अशा गाठी कमी होतात. कुणाला गुण येतो, कुणाला नाही. गाठीत टोचायचं एक औषध आहे, त्याचीही खात्री नाही. नाहीतर कापून काढायचं. पण माझ्या बोटांना रक्त कमी पोचतं, जखम लवकर भरणार नाही. "आणि पुन्हा येऊ शकतं," त्या म्हणाल्या. मला स्वतःच्या कातडीतून बाहेर पडावंसं वाटलं.

चार महिने गोळी घेतली. पाय सुजले, उठताना अंधारी यायची, गाठ तेवढीच. शेवटी मीच म्हटलं, "काढून टाका."

बोट बधिर केलेलं होतं, पण खरवडल्याचा आवाज ऐकू येत होता. जखम भरायला दहा आठवडे लागले. आई थांबली. माझी वेणी घालायची, भाकरी कुस्करून द्यायची. एकदा म्हणाली, "म्याच चिघळवलं व्हय गं?"

"नाही," मी म्हटलं. पटकन म्हटलं.

अंगठा बरा झाला, टोक बधिर राहिलं. कारखान्यानं मला तपासणीवरून हलवून गेटजवळच्या टेबलावर बसवलं. गेल्या महिन्यात डाव्या कोपराला तसंच कडक लागलं. "दुखत नाही तोवर हात लावायचा नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

मी दिवसातून कितीदा तरी चाचपून बघते.