इस्त्रीवाल्या मावशींची भिंगरी

आमची संस्था गरीब वस्त्यांमध्ये काम करते. दरवर्षी विद्यापीठातून समाजकार्य शिकणारी मुलं आमच्याकडे फील्डवर्कला येतात. पहिल्या दिवशी ती इतकी अवघडलेली असतात की हात कुठे ठेवावेत हेही त्यांना कळत नाही. म्हणून मी त्यांना आधी इस्त्रीवाल्या मावशींकडे न्यायचे.

मावशींची एकच खोली. दाराशी जुन्या चादरी अंथरलेलं टेबल, त्यावर ती वजनदार इस्त्री. भिंतीला लागून गिऱ्हाइकांच्या कपड्यांची बोचकी, आणि पडद्यापलीकडे मायलेकींचा संसार. मुलं दारात घुटमळली की मावशी म्हणायच्या, "या, बसा. त्या बोचक्यावर नको रे बाबा, वकिलांची पँट आहे त्यात. चुरगळली तर माझ्यावरच केस घालतील." मुलं हसायची, आणि पुढचं सगळं सोपं व्हायचं.

मग हात न थांबवता मावशी आपली गोष्ट सांगायच्या. नवरा इमारती रंगवायचा. एक दिवस परांचीवरून पडला तो उठलाच नाही. मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. शेजारणीची जुनी इस्त्री मागून आणली आणि पहिल्याच दिवशी स्वतःची बोटं भाजून घेतली. सांगून सांगून ती गोष्ट त्यांच्या जिभेवर बसली होती. पोरांना कुठे हसवायचं आणि कुठे आपण गप्प राहायचं, हे ठरून गेलेलं.

मध्येच पडद्याआडून मुलगी ओरडायची, "आई, मागच्या वेळी शेजारीण चांगली होती म्हणालीस, आता म्हणतेस कजाग होती!"

"दोन्ही होती," मावशी म्हणायच्या. "माणसं काय एकाच घडीत बसतात?"

ही मुलगी म्हणजे भिंगरी. एका जागी ठरत नसे, म्हणून वस्तीनं दिलेलं नाव. दरवर्षीच्या नव्या मुलामुलींच्या मागेमागे फिरतच ती वाढली. ते वस्तीला प्रश्न विचारायचे, ही त्यांना विचारायची. तुमच्या घरी किती खोल्या, तुम्ही भांडता कुणाशी, तुम्हाला हे कशाला शिकायचंय? शाळा संपता संपता तिनं जाहीर केलं, मीही हेच शिकणार. आणि खरंच शिकायला गेली. वस्तीतून विद्यापीठात जाणारी ती पहिलीच. मावशींनी त्या दिवशी तिच्या निळ्या ड्रेसला अशी इस्त्री केली की भिंगरी म्हणाली, "आई, आता मी बसू कशी?"

तिचं फील्डवर्क शहराच्या दुसऱ्या टोकाला लागलं, बेघर बायकांच्या निवाऱ्यात. मावशी चिडवायच्या, "घरातली गरिबी कमी पडली वाटतं, बाहेरची बघायला निघालीस." पण संध्याकाळी इस्त्री करता करता सगळं ऐकून घ्यायच्या. कोण रुसलं, कोण हसलं, कोणाला चष्मा मिळाला. मला म्हणायच्या, "इतकी वर्षं मी बोलले, आता माझी पाळी ऐकायची."

पावसाळा सरता सरता तिला ताप आला. गोळी घेऊन ती जातच राहिली. म्हाताऱ्या वाट बघतात म्हणायची. एके दुपारी निवाऱ्यातच तिची शुद्ध गेली. ताप मेंदूत गेला होता. इस्पितळात मावशी तिच्या उशाशी बसून होत्या, आणि भिंगरीनं डोळे उघडलेच नाहीत.

वॉर्डातल्या बाईनं तिला शेवटचे घालायला कपडे मागितले. मी मावशींबरोबर घरी आले. त्यांनी निळा ड्रेस काढला, इस्त्री तापवली. मी म्हटलं, "मावशी, राहू दे ना."

"चुरगळलेला घालून ती कधी बाहेर पडली नाही," त्या म्हणाल्या, आणि बाहीची टोकं नीट ओढून इस्त्री फिरवत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पुढचे कित्येक दिवसही कुणाला दिसलं नाही. काम सुरू राहिलं, बोलणं मात्र गरजेपुरतं.

नवी मुलं आली तेव्हा मी त्यांना त्या गल्लीतून नेलंच नाही. मावशींनीच मला हटकलं. "ताई, यंदा पोरं नाही आणलीस ती? माझी गोष्ट शिळी झाली का?"

मी नेलं. वकिलांची पँट झाली, परांची झाली, शेजारीण झाली. मुलं हसली. मला वाटलं, बरं झालं आणलं. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "आणि आता मुलगी माझी तुमच्यासारखीच विद्यापीठात आहे. आज फील्डवर्कला गेलीय."

मुलांना काय ठाऊक? एक उत्साही मुलगा पुढे सरसावला. "हो? मग कधी येतात ताई? आम्हाला भेटायचंय त्यांना."

"येईल," मावशी म्हणाल्या. "उशीर होतो तिला जरा."

आणि त्यांचा हात थांबला. इस्त्री शर्टावर तशीच. खोलीत जळकट वास सुटला. चष्मा लावलेल्या एका मुलीनं झटकन पुढे होऊन इस्त्री उचलली. पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर तपकिरी डाग पडला होता. मावशींनी शर्ट हातात घेतला, उजेडात धरला, आणि त्यांचा बांध फुटला.

"नवा शर्ट हो," त्या रडत म्हणाल्या. "आता मी काय सांगू त्यांना? कुठून आणून देऊ मी तसाच?"

शर्ट छातीशी धरून त्या खाली बसल्या. चष्मेवाली मुलगी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. बऱ्याच वेळानं मावशीच म्हणाल्या, "नाहीये ती. गेली."

काही दिवसांनी त्या संस्थेत आल्या. "मला तिचा तो निवारा बघायचाय," म्हणाल्या.

आम्ही दुपारी गेलो. लांबट खोली, ओळीनं खाटा, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल. मावशी दारात उभ्या राहिल्या, अगदी त्या नव्या मुलांसारख्या, हात कुठे ठेवावेत ते न कळून. शेवटच्या खाटेवरच्या आजींनी हाक मारली, "या की. नव्या आलात का?"

मावशी खाटेच्या कडेला टेकल्या. आजी बोलक्या निघाल्या. इथं एक पोरगी यायची, म्हणाल्या, वाऱ्यासारखी. माझे केस विंचरायची आणि वर माझ्याशीच भांडायची, की आजी, तुम्ही जेवत नाही. "मग यायची बंदच झाली. परीक्षा झाली असेल. विसरली. या शिकणाऱ्या पोरांचं असंच, येतात नि जातात."

मी तोंड उघडणार होते. मावशींनी माझ्या हातावर हात ठेवला.

"विसरली नाही, आजी," त्या म्हणाल्या. "ती माझी मुलगी. तापानं गेली. शेवटपर्यंत म्हणत होती, माझ्या म्हाताऱ्या वाट बघतायत."

आजींनी पाय आखडून घेतले आणि खाटेवर जागा केली. मावशी वर सरकून बसल्या. मग आजी भिंगरीबद्दल सांगू लागल्या, आमच्या कुणाच्याच कानावर न आलेलं. ती खिडकीत बसून गाणी म्हणायची, बेसूर. एकदा पलीकडच्या खाटेवरच्या बाईशी भांडून कोपऱ्यात रडली होती. माझी आई लई हसवते, असं सगळ्यांना सांगायची.

"असं म्हणायची?" मावशींनी विचारलं.

"रोज."

परतताना बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

मावशी आता विद्यार्थ्यांना गोष्ट सांगत नाहीत, आणि मीही त्यांना तिकडे नेत नाही. इस्त्री चालू आहे. नजर अधू झाल्यामुळे गडद कपडे त्या घेत नाहीत. गेल्या हिवाळ्यात निवाऱ्यातल्या त्या आजीही गेल्या. ते सांगायला मी गेले, तेव्हा मावशींनी इस्त्री बाजूला उभी केली आणि इतकंच म्हणाल्या, "आता तिच्याबद्दल मला सांगणारं कुणी राहिलं नाही."