आबांनी तिला सांगितलेलं गाव

अमळनेरला कॉलेजात असताना वसतिगृहात माझ्या खोलीत रावेरकडची एक मुलगी होती. सुट्टीहून परतताना ती केळीचा अख्खा घड आणायची आणि सगळ्या मुलींना वाटायची. तिचं ते भरल्या हातानं वाटणं मला खुपायचं. धुळ्याकडच्या आमच्या पांझराकाठच्या गावाहून मी आणणार काय? ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा. तिला तेही मनापासून आवडायचं. त्याचाही राग यायचा.

परीक्षा संपल्यावर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती आमच्या घरी आली. माझे वडील, आबा, फार अबोल. आम्हा भावंडांशी त्यांचं बोलणं 'जेवनी का?' नि 'बस कधी शे?' एवढंच. पहिल्याच संध्याकाळी ओट्यावर बसून तिनं त्यांना विचारलं, "आबा, नदी तर कोरडी दिसते. मग एवढा ऊस कशावर उभा आहे?"

तिला आमची अहिराणी नीट समजत नसे, तिच्याकडची बोली वेगळी. म्हणून आबा तिच्यासाठी शब्द शोधत पुस्तकी मराठी बोलू लागले. माझ्यासाठी त्यांनी कधी शब्द शोधले नव्हते.

"आमचे जुने लोक दुष्काळात गुरं घेऊन गुजरातकडून आले म्हणतात. एकट्यादुकट्यानं नदी अडेना, म्हणून बठ्ठ्यांनी मिळून बंधारा घातला, पाट काढला. शिवाराचे फड पाडले. यंदा या फडात सगळ्यांचा ऊस, त्या फडात सगळ्यांचा गहू. पाणी द्यायचं ते पाटकऱ्यानं. पाटील असला तरी स्वतः पाट फोडायचा नाही."

"आणि पाणी कमी पडलं तर?"

"तर सगळ्यांनाच कमी." आबा जरा थांबले. "माझ्या आजोबांनी एकदा फोडला होता पाट. पंचांनी त्यांना गावासमोर उभं केलं आणि त्यांनाच पाटकरी नेमलं. ज्याला पाण्याची एवढी हाव, त्यानंच ते वाटावं म्हणाले. मरेपर्यंत वाटलं त्यांनी."

मी हातात पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होते. माझ्याच पणजोबांची चोरी मला पहिल्यांदा कळत होती, तीही तिच्यामुळे.

दुसऱ्या दिवशी आबा तिला बंधारा दाखवायला घेऊन गेले. मी आईबरोबर खापरावर मांडे करत बसले. परत आले तेव्हा ती 'बठ्ठा', 'शे' असं काहीबाही बोलत होती आणि आबा हसत होते. मांडा माझ्या हातावरच फाटला.

ती गेल्यावर मी विचारलं, "आबा, हाई मले कधी सांगं नही?"

"तू कधी इचारं?"

"आते इचारस ना."

ते सांगू लागले, पण दोन वाक्यांतच थांबले. "तुले काय सांगू? तू ते घरनीच शेस."

घरची असण्याचा एवढा तोटा मला कधी झाला नव्हता.

पुढे विहिरींवर मोटारी बसल्या, फड एकेक करून मोडले. नव्वद सालानंतर आबाही गेले. त्यांच्या तेराव्याला ती रावेरहून आली. जेवणं उरकल्यावर माझी मुलं तिच्याभोवती जमली आणि तिनं त्यांना पाटाची गोष्ट सांगायला घेतली. आबा थांबायचे तिथेच तीही थांबत होती.

"मग पाटकरी झाल्यावर ते स्वतःच्या शेताला पाणी कधी द्यायचे, माहीत आहे?" तिनं मुलांना विचारलं. "सगळ्यांच्या शेवटी. एका वर्षी त्यांचाच ऊस वाळला. बंधाऱ्यावर उभं राहून आबांनी मला ते शेत दाखवलं होतं."

हे मी ऐकलं नव्हतं. ते शेत कुठलं, तेही मला माहीत नव्हतं. थोरल्यानं मागे वळून विचारलं, "आई, तुला ठाऊक होतं?"

"नाही," मी म्हणाले. माझ्या बापाचं उरलेलं बोलणं तिच्याकडे होतं आणि ते तिच्याकडून मागून घ्यायचं माझ्या जिवावर आलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती गप्प झाली.

मी मुलांच्या मागे भिंतीला टेकून बसले.

"थांबू नकोस," मी म्हणाले. "पुढे काय सांगितलं त्यांनी?"