कानटोपेंचे हेडफोन

कानटोपे हे काही त्याचं आडनाव नव्हे. कापड गिरणीत सगळे त्याला तसं म्हणायचे आणि नाव पडायला कारणही तसंच होतं. माग सुरू झाले की शेजारी उभं राहून कुणी बोंब मारली तरी ऐकू यायची नाही, म्हणून कंपनीने कानांवर चढवायला जाड वाट्या दिल्या होत्या. बाकीच्यांनी त्या गळ्यात अडकवल्या नाहीतर खुंटीला टांगल्या. घाम येतो, डोकं आवळतं, एक ना दोन तक्रारी! हा पठ्ठ्या मात्र पाळी सुरू व्हायच्या आधीच वाट्या चढवायचा आणि भोंगा झाला की उतरवायचा. लोकांनी टिंगल केली, त्याने ती कानाआड केली.

त्याला कान राखायचे होते, आणि तेही बासरीसाठी. लहानपणी शेजारच्या खोलीत एक बासरीवाला भाड्याने राहायचा. भिंतीला कान लावून हा ऐकत बसायचा. पुढे नोकरी लागली, संसार मागे लागला, ऐकायला सवड अशी मिळालीच नाही. पण मनाशी त्याने पक्कं ठरवलं होतं. एकदा नोकरी संपू दे, चांगल्यातले चांगले हेडफोन आणायचे आणि पोटभर बासरी ऐकायची. बरोबरीचे लोक हळूहळू मोठ्याने बोलायला लागले, "काय? काय?" करायला लागले, तेव्हा ह्याचे कान अजून शाबूत होते. त्याला त्याचा अभिमान होता आणि तो असायलाही हरकत नव्हती.

आता त्याच्या बायकोचं ऐका. बाई मूळची बोलकी. पण नवरा संध्याकाळी घरी यायचा तो डोक्यात गिरणी घेऊनच. तिने काही सांगायला तोंड उघडलं की हा हात वर करायचा. आत्ता नको, डोकं भणभणतंय, नंतर सांग. ती गप्प बसायची. मुलगी झाली, मोठी झाली, लग्न होऊन दूर गेली, पण ते 'नंतर' काही उजाडलं नाही. मग तिनेही मनाशी ठरवून टाकलं की ह्यांची नोकरी संपली की बोलू. म्हणजे बघा, दोघांनीही त्याच दोन कानांवर डोळा ठेवला होता आणि एकाचं दुसऱ्याला ठाऊक नव्हतं.

नोकरी संपली. आठवडा गेला नसेल तोच स्वारी हेडफोनच्या दुकानात हजर. दुकान चालवणाऱ्या बाई चष्मा डोक्यावर सरकवून बसलेल्या. त्यांनी विचारलं की ऐकणार काय, कुठे बसून ऐकणार, फोनवर की आणखी कशावर. कानटोपेंना ह्या चौकशा फिजूल वाटल्या. उभा जन्म कानांवर वाट्या घालून काढलेला माणूस, त्याला कुणी काय शिकवायचं? त्याने एकेक जोडी चढवली आणि बाईंना सांगितलं की टेबल वाजवा. बाईंनी स्टेपलर घेऊन टेबलावर ठोकलं. अजून जोरात, म्हणाला. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं बघायला लागली. ज्या जोडीत स्टेपलर मुळीच ऐकू आला नाही ती त्याने घेतली. बाई म्हणत होत्या की निदान एखादी ओळखीची चीज तरी लावून बघा. पण हा कसला ऐकतोय! बाहेरचं आत येत नाही तो माल चांगला, एवढी एकच परीक्षा त्याला येत होती आणि त्याच्या मते ती पुरेशी होती.

घरी खिडकीजवळच्या खुर्चीत त्याची बैठक सुरू झाली. सकाळी बासरी, दुपारी बासरी. बायको चहा आणून ठेवायची, हा मान डोलवायचा. गिरणीत त्याची स्वतःची एक रीत होती. मागांच्या खडखडाटात सगळे ओठांवरूनच बोलणं ओळखायचे, पण जवळचं माणूस समोर आलं की एका कानावरची वाटी उचलायची. ऐकू कप्पाळ यायचं, तरी उचलायची. तू बोल, मी तुझा आहे, असा त्याचा अर्थ. जॉबरसाठी, म्हणजे मुकादमासाठी उचलायची, दोस्तासाठी उचलायची. ही रीत त्यानेच लग्नानंतर बायकोला मोठ्या कौतुकाने सांगितली होती. आता तीच समोर चहा घेऊन उभी राहायची आणि ह्याचा हात काही वाटीकडे जायचा नाही. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे कबूल करायला हवं. त्याच्या ध्यानातच येत नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं.

काही दिवसांनी ती त्याच्याकडे पाठ करून बसायला लागली. कपड्यांच्या घड्या घालायच्या तर भिंतीकडे तोंड, भाजी निवडायची तरी भिंतीकडेच तोंड. रुसली असेल, त्याला वाटलं. रुसायला झालंय काय, हे मात्र कळेना. विचारू कधीतरी, म्हणून त्याने तेही नंतरवर टाकलं.

त्यातून दुसरीच पंचाईत उभी राहिली. बासरी त्याला हवी तशी लागेना. सूर येत होते, पण कपाटात कोंडून कुणी वाजवावं तसे. खालचे सूर नुसते घुमायचे आणि कान तापून लाल व्हायचे. एवढे जपलेले कान शेवटी गेलेच की काय, ह्या विचाराने तो घाबरला. खरंच घाबरला, घास गोड लागेना. शेवटी हेडफोन डब्यात घालून तो दुकानात गेला आणि बाईंसमोर खालच्या आवाजात म्हणाला, माझे कान तपासता येतील का?

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी त्याला बसवलं आणि तो ऐकतो तीच बासरी लावायला सांगितली. मग त्याच्या कानांवर एक हलकी जोडी चढवली. तिच्या वाट्यांना मागून भिंतच नव्हती, नुसती जाळी होती. बासरी सुरू झाली आणि कानटोपे हलायचा थांबला. सूर डोक्यातून निघून खोलीभर झाले. वाजवणाऱ्याने मध्येच घेतलेला श्वाससुद्धा त्याला ऐकू आला. तोच शेजारच्या खोलीतला श्वास, आता मध्ये भिंत नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते पुसलंही नाही.

पण जुनी खोड जाते कुठे? त्याने लगेच टेबलावर टिचकी मारली. टिचकी लख्ख ऐकू आली.

"अहो, ह्यातून बाहेरचं सगळं आत येतंय," तो म्हणाला.

"येणारच. जाळी आहे. म्हणून तर मोकळं वाजतंय," बाई म्हणाल्या. "गर्दीत, गाडीत घालायचे असते तर मीच नको म्हटलं असतं. पण तुम्ही घरीच ऐकता ना? घरात कसला एवढा आवाज असतो?"

कानटोपेंनी विचार केला. पंखा, कुकरची शिट्टी. "तसा काही नाही," तो म्हणाला. "आमची ही बोलते, तेवढंच."

बोलून गेला खरा, पण बोललेलं त्यालाच टोचलं. बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि जोडी बदलून दिली. घरी येईपर्यंत ते वाक्य त्याच्या मागे मागे येत होतं.

बायको दारात नव्हती. आत भिंतीकडे तोंड करून टॉवेलांच्या घड्या घालत होती. त्याने खुर्चीत बसून नवे हेडफोन चढवले. तिने वळून पाहिलं, कानांवर वाट्या दिसल्या, परत भिंतीकडे वळली. बासरी सुरू झाली. आणि बासरीच्या मागून, तिला धक्काही न लावता, बायकोचा आवाज आला.

ती बोलत होती. मुलीचा फोन आला होता, तिच्या घरी नळाची कटकट चाललीय. माझा गुडघा आज बरा आहे. सहज, रोजचं बोलावं तसं ती भिंतीशी बोलत होती. मग कानटोपेंच्या डोक्यात प्रकाश पडला. बोलताना दिसली तर हा ओठांवरून ओळखेल आणि परत हात वर करील, म्हणून ती पाठ करून बसत होती. रुसली बिसली नव्हती. इतके दिवस ती रोज बोलत होती. त्याने बासरी थांबवली नाही. त्याला हलायचीच भीती वाटली.

"काय ते एकेक मनात धरून बसले होते मी," ती टॉवेल झटकत म्हणाली. "गिरणी संपली की माणूस घरी येईल. गिरणी संपली. माणूस काही आला नाही."

"आलोय," कानटोपे म्हणाला.

तिच्या हातातला टॉवेल खाली पडला. ती वळली, तर त्याचे डोळे भरलेले आणि वाट्या कानांवर तशाच.

"कधीपासून ऐकू येतंय तुम्हाला?"

पहिल्यापासून ऐकतोय, असं खोटं बोलला असता तर निभावून गेलं असतं. "आजपासून," तो म्हणाला.

तिने टॉवेल उचलला, त्याची नीट घडी घातली आणि स्टूल ओढून त्याच्या समोर, तोंडाकडे तोंड करून बसली. पण सुरुवात कुठून करावी हे तिला सुचेना. तेव्हा त्याला सगळं नीट ऐकू येत असूनही त्याने हात वर नेला आणि एका कानावरची वाटी उचलून धरली.